‘काही नाही केलं’ असं सांगायची लाज का वाटते?

फडकेरोडवाला

नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस फोर्टातून ऐरोलीला हलवलं. मी डोंबिवलीचा. सीएसएमटीपर्यंतचं लोंबकळणं संपलं आणि रोजचा तास-दीड तास हातात आला. सुरुवातीला फार बरं वाटलं. संध्याकाळी लवकर घरी येऊन चहा घेऊन गॅलरीत उभा राहायचो. समोरच्या बिल्डिंगचं प्लास्टर चालू आहे, ते बघायचो. बस.

मग हळूहळू आतून टोचणी लागली. एवढा वेळ आहे तर काहीतरी करावं. जर्मन शिकायचं अॅप घेतलं. बायकोने बरेच दिवस राहिलेल्या कामांची यादी दिली. ऑफिसने सकाळची मीटिंग साडेआठला आणली, कारण ‘आता सगळे जवळच राहतात’. तो वेळ कुठे गेला ते आता सांगता येत नाही.

परवा सोमवारी एकाने विचारलं, वीकेंडला काय केलंस? म्हटलं, काही नाही. तर म्हणतो, बरं आहे ना सगळं?

प्रश्न असा की ज्या वेळेतून काहीच निघत नाही, ना पैसा, ना सर्टिफिकेट, ना फोटो, त्या वेळेला काही किंमत आहे का? माझं मत: मुंबईकराला रिकामं बसताच येत नाही, सवयच गेलीय. तुमचं काय?

विंडोसीट

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. त्याला निदान भिंत तरी होती. आमच्या वन रूम किचनमधल्या चारही भिंतींना कपाटं आहेत.

मालवणी_मसालो

मेल्यानो, तुमी ज्याका मोकळो वेळ म्हणतास, तेका आमच्याकडे दुपार म्हणतत.

फडकेरोडवाला

@मालवणी_मसालो 😂 दंडवत.

कट्टेकरी

मुंबईकराला रिकामं बसता येत नाही? कधीतरी संध्याकाळी शिवाजी पार्कला या. कट्टा मैदानाच्या चहूबाजूंनी आहे, एक किलोमीटरच्या वर भरतो, आणि सहानंतर टेकायला जागा शोधावी लागते. कोपऱ्याकोपऱ्यावर ठरलेली टोळकी. कॉलेजची पोरं, त्यांच्या पलीकडे रिटायर्ड मंडळी, मधे नुकतं जमलेलं जोडपं दोन्हीकडून अंग चोरून बसलेलं. यातलं कुणी काही ‘करत’ नाही. कुणी चालणाऱ्यांना बघतं, चालणारे बसलेल्यांना बघतात.

आमचा ग्रुप शाळेपासूनचा. विषय ठरलेला नसतो. एकदा अख्खी संध्याकाळ पूर्वी उडप्याकडे सांबार दुसऱ्यांदा फुकट मिळायचं ते कधी बंद झालं यावर गेली. निष्कर्ष निघाला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच विषय. त्यामुळे ‘सवयच गेलीय’ हे डोंबिवलीपुरतं ठेवा. (हलके घ्या.)

आकडेमोड

१९३० मध्ये केन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने लिहून ठेवलं होतं की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि खरी अडचण होईल ती उरलेल्या वेळाचं काय करायचं ही. शंभर वर्षं २०३० ला भरतात. आमच्या मॅनेजरला हे अजून कळवलेलं नाही.

उलट आपल्याकडे २०२३ साली एका बड्या उद्योजकाने तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला आणि २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एकाने ते ९० वर नेलं. लिलावच.

सचिवालय_रिटर्न्स

आकडेमोड, आमचं पण लिहा. राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा दिला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. चार वर्षांतून एकदा येणारी तारीख मुद्दाम शोधली होती की काय कुणास ठाऊक. नेमका शनिवार होता, तोही महिन्यातला पाचवा. आणि फुकट नाही दिला हो, रोजचं काम पाऊण तासाने वाढवून दिला. पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागला, मग सुट्टी कुठली आणि काम कुठलं तेच कळेना.

आता शनिवार मोकळा असतो म्हणून सोसायटीच्या सगळ्या मीटिंगा शनिवारी. सेक्रेटरी म्हणतो, तुम्हाला काय, सरकारी माणूस.

कुठे_उतरणार

फडकेरोडवाला, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य सगळे वाचून पुढे गेले. ‘बायकोने राहिलेल्या कामांची यादी दिली.’ ऑफिस जवळ आलं तेव्हा तुमचा तास-दीड तास वाचला आणि तुम्ही प्लास्टर बघितलंत. त्या वेळी वहिनी काय करत होत्या? चहा कुणी केला होता?

भांडायला लिहीत नाहीये. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्वेक्षणात बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. ही ८८ सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी आहे. जे करतच नाहीत ते त्यात धरलेलेच नाहीत.

आता माझं. मी बदलापूरहून सीएसएमटीला जाते. तुम्हाला जो प्रवास सुटला म्हणून आनंद झाला, तोच माझा मोकळा वेळ आहे. एकदा बसायला मिळालं की कुणी ‘आई’ म्हणून हाक मारत नाही, कुणी ‘अहो मॅडम, ती फाइल’ म्हणत नाही. सासूबाईंचा फोन आला तर ‘बोगद्यात आहे’ म्हणते. पारसिकचा बोगदा माझ्या इतका उपयोगी कुणाला पडला नसेल. आमच्या डब्यात मटार सोलले जातात, तेही खरं. पण डोहाळेजेवण होतं, नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग होतात, आणि काही जणी डोळे मिटून नुसत्या बसलेल्या असतात. त्यांना झोप लागलेली नसते. मला माहीत आहे, कारण मीही तेच करते.

वर्क फ्रॉम होम आलं तेव्हा सगळे म्हणाले, तुझे चार तास वाचले. मी रडायच्या बेतात.

विंडोसीट

+१. पारसिकच्या बोगद्यासाठी वेगळं +१.

मालवणी_मसालो

पण ताई, फास्ट लोकल आता खंय बोगद्यातून जातत? मुंब्र्याकडनंच जातत ना?

कुठे_उतरणार

सासूबाईंना सांगू नका.

फडकेरोडवाला

कुठे_उतरणार ताई, चहा मीच केला होता. पण पुढचं सगळं मान्य. तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘यांना विचार, बदलापूरला जागा आहे का.’

गिरणगावकर

धागा चांगला चाललाय. जरा मागे नेतो, कारण इथे सगळे रविवार गृहीत धरून बोलताहेत.

मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद अशा चालायच्या. म्हणजे उन्हाळ्यात कामाचा दिवस आपोआप मोठा. साप्ताहिक सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’चे संपादक, यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय होत्या बघा: आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर. अर्ध्या तासासाठी अर्ज करावा लागत होता. पुढे १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन बाया भाषणाला उभ्या राहिल्या. कुठे_उतरणार ताई, हे तुमच्यासाठी. मग १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला.

तासांचं तसंच. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीत दिवसाला बारा तास, १९२२ ला अकरा, १९३४ ला दहा, १९४८ ला आठवड्याचे ४८. प्रत्येक तासामागे कुणाचा तरी संप, सभा, अर्ज आहे.

माझे वडील लालबागला एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. तीन पाळ्या. आमच्या खोलीत गाववाले धरून माणसं इतकी, की एकाची पाळी संपली की त्याच वळकटीवर दुसरा झोपायचा. आता मला सांगा, त्या खोलीत कुणी निवांत कसं बसावं? म्हणून माणसं बाहेर असायची. भजनी मंडळ, कबड्डी, लेझीम, नाटकाच्या तालमी. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी झाला, त्याच्या केंद्रात कॅरम आणि वाचनालय. वडील कामगार नाट्यस्पर्धेत हवालदार व्हायचे. दरवर्षी हवालदारच, कारण मिशी. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपायच्या आधी संवाद पाठ करायचा आणि आई म्हणायची, ‘पगार मिळतो का त्याचा?’ नव्हता मिळत.

मग १८ जानेवारी १९८२. संप. अडीच लाख माणसं एकदम रिकामी झाली. वेळच वेळ. नाटकाच्या तालमी वाढायला हव्या होत्या ना? उलट बंद पडल्या. वडील चाळीच्या जिन्यावर बसून असायचे, पत्ते काढले तरी डाव लागायचा नाही. काम असताना जो माणूस झोप मोडून नाटक करत होता, त्याला पूर्ण दिवस मोकळा मिळाल्यावर वर्तमानपत्र वाचवेना. बेकारी आणि सवड बाहेरून सारखीच दिसतात, पण ज्याने एकाच माणसाची दोन्ही बघितलीयत तो गल्लत करणार नाही.

कट्टेकरी

_/\_

वाचनमात्र_वैशाली

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, फक्त या प्रतिसादासाठी. वाचनखूण साठवली आहे.

रील_टाइम

सगळं ठीक आहे पण सीनियर मंडळी फक्त नाटक-भजनाला सवड म्हणणार आणि आम्ही रात्री तासभर रील्स बघितले की ‘मोबाइलवर वेळ घालवतोय’. का? मी दिवसभर कोड लिहितो, डोकं बंद करायचं असतं. ते बंद होतं. विषय संपला.

निवृत्त_नाना

रील_टाइम, बाळा, रात्री तासभर बघून झोपताना ताजंतवानं वाटतं का?

रील_टाइम

नाही नाना. पण तुम्ही चाळीत गणपतीत रात्रभर पत्ते कुटायचात, ते काय उपनिषद होतं?

निवृत्त_नाना

नव्हतं. मेंढीकोट होतं. पण चौघं लागायचे आणि समोरचा चिडलेला दिसायचा.

रील_टाइम

हा पॉइंट आहे. पण चौघं आणू कुठून? एक पुण्याला, एक बंगळुरूला, एक रात्री अकरापर्यंत कॉलवर.

पार्सल_आलंय

मी सहसा लिहीत नाही. पवई, चांदिवली भागात डिलिव्हरी करतो.

तुम्ही जाताना बघत असाल, हॉटेलांच्या बाहेर आम्ही पाच-सहा जण गाड्या लावून बसलेले असतो. हातात मोबाइल. काकू लोक म्हणतात, काय मजा आहे यांची. दुपारी तीन ते सहा ऑर्डर कमी असतात. ते तीन तास मी मोकळाच असतो. पण घरी जाऊ शकत नाही, लांब जाऊ शकत नाही, झोपू शकत नाही. फोन वाजला की काही सेकंदांत घ्यायचा. नाही घेतला तर पुढे ऑर्डर कमी येतात असं पोरं म्हणतात. त्या तीन तासांचा पैसा नाही. म्हणजे कामात धरत नाहीत, आणि आराम म्हणावा तर डोकं सगळं फोनमध्ये.

गिरणगावकर साहेबांचं जिन्यावर बसलेलं वाचलं तेव्हा वाटलं लिहावं. आमचं ते बेकारी पण नाही. मधलंच काहीतरी.

आकडेमोड

पार्सल_आलंय, तुमच्या या पोस्टपुढे केन्स वगैरे राहू दे. काम नसतानाही दुसऱ्याच्या हाकेला बांधलेला वेळ, त्याचा हिशोब कायद्यात कुठे बसतो? ४८ तासांत तो धरला जातच नाही.

कुठे_उतरणार

घरातल्या बाईचा पण हाच वेळ असतो. दुपारी दोन ते चार ‘आराम’. दूधवाला, कुरिअर, गॅस सिलिंडर, शाळेची बस. बसलेली असते, पण कान दाराकडे.

संपादक

धागा आवडला. ७० तास-९० तासवाल्यांवरचे दोन प्रतिसाद काढले आहेत, व्यक्तिगत होते. बाकी चालू द्या.

तिसरा_मजला

माझ्यापुरतं सांगते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी रविवारची सुट्टी दिली. सुरुवातीला जड गेलं, कारण रविवारीच पाहुणे येतात. पण दिली.

गिरणगावकर

‘दिली’ वर थोडं अडखळलो, ताई. वरचा माझा प्रतिसाद बघा.

तिसरा_मजला

काका, शब्दात पकडू नका. बिल्डिंगमध्ये इतर कुणाकडेच सुट्टी नाही. मी दिली तर बाकीच्या बायका माझ्यावर नाराज, ‘सगळ्यांच्या मावशी आता मागतील’ म्हणून. आणि गंमत म्हणजे मावशी रविवारी आणखी दोन घरी जातातच, त्यामुळे त्यांना एका घराची सुट्टी म्हणजे सुट्टीच नाही. आता त्यांनीच सगळ्या घरांना सांगून बुधवार ठरवलाय. बुधवारी त्या भायखळ्याला बहिणीकडे जातात. पहिल्यांदा गेल्या तेव्हा नातवाला राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायचा बेत होता, पण बाग बुधवारी बंद असते. आल्यावर मलाच ओरडल्या.

मालवणी_मसालो

पेंग्विनाक पण साप्ताहिक सुट्टी आसा बघा.

विंडोसीट

त्याने लोखंड्यांना निवेदन दिलं असणार.

नाव_सुचत_नाही

कट्ट्यावरून आठवलं. कट्टेकरींच्या वर्णनात टोळकी आहेत, रिटायर्ड आहेत, जोडपं आहे. एकटी बाई नाही.

मी कधी मरीन ड्राइव्हला एकटी बसते. पुरुष तिथे आडवे झोपलेले असतात. मला मात्र काहीतरी ‘करताना’ दिसावं लागतं. सारखं घड्याळ बघायचं, फोन कानाला लावायचा, म्हणजे कुणाची तरी वाट बघतेय असं वाटतं. हेतू नसलेली बाई लोकांना समजत नाही. पाच मिनिटांत कुणीतरी ‘कुछ प्रॉब्लेम है क्या’ विचारतो, आणि तो निदान सभ्य असतो.

आणि मरीन ड्राइव्ह तरी आहे. इतर ठिकाणी काही विकत न घेता बसायचं कुठे? कित्येक बागांना दुपारी कुलूप. दुकानांच्या पायऱ्यांवर कुणी टेकू नये म्हणून लोखंडी खिळे ठोकलेले. मॉलमध्ये बाक आहेत, पण समोर आइस्क्रीम.

कट्टेकरी

नाव_सुचत_नाही, बरोबर आहे. काल मुद्दाम बघितलं. चालणाऱ्या एकट्या बायका भरपूर. बसलेल्या दोन, दोघींच्या हातात फोन.

अवांतर: रिकामपणाचा विषय निघालाच आहे तर कांगा लीगचा उल्लेख झाला पाहिजे. १९४८ पासून मुंबईत भर पावसाळ्यात क्रिकेट खेळतात. गवत घोट्याच्या वर, चेंडू दिसत नाही, मॅच वाहून जाणार हे सगळ्यांना ठाऊक. तरी आझाद मैदानावर माणसं छत्री घेऊन बघत उभी असतात. मी त्यातला एक. पाऊस पडून खेळ थांबला की तंबूत चहा प्यायचा, पाऊस थांबला की पुन्हा बघायचं. बायको विचारते, कोण जिंकलं? मला बहुतेक वेळा सांगता येत नाही.

निवृत्त_नाना

आता माझंही ऐका. बँकेत छत्तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर मी वेळापत्रक केलं होतं. सहाला फिरणं, सातला हास्यक्लब, नऊला पेपर, अकराला दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, चारला झोप, पाचला नातू. हिच्या बहिणीने बघून विचारलं, ‘भाऊजी, पुन्हा नोकरी लागली का?’

खरी गोची पुढे. मी घरात असल्यामुळे हिची दुपार गेली. पूर्वी मी ऑफिसला गेल्यावर ही शेजारणीकडे जायची, रेडिओ लावायची, काही नाही तर नुसती लोळायची. आता मी. ‘जरा चहा टाकतेस?’ एक दिवस म्हणाली, ‘तुम्ही रिटायर झालात, मी कामावर रुजू झाले.’ तेव्हापासून ग्रंथसंग्रहालयात मी अकराचा जातो तो तीनला येतो. वाचतो किती ते विचारू नका, पंख्याखाली डोळा लागतो. पण घरी दुपार परत सुरू झालीय.

कुठे_उतरणार

नाना, तुम्हाला माझ्याकडून बदलापूर-सीएसएमटी फर्स्ट क्लास पास.

रील_टाइम

नाना, एक रविवार गटग (गेट-टुगेदर) करू या का? शिवाजी पार्क कट्टा, मेंढीकोट. पत्ते मी आणतो. चौघं झाले की सुरू.

विंडोसीट

मी आहे. पण रविवारी नको, मुलीचा क्लास असतो.

सचिवालय_रिटर्न्स

शनिवारी सोसायटीची मीटिंग.

निवृत्त_नाना

मी कधीही. अकरा ते तीन सोडून.

फडकेरोडवाला

सगळं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा. मूळ प्रश्नाला धरून एक अपडेट. साडेआठच्या मीटिंगला मी नाही म्हटलं. मॅनेजरने विचारलं, का? मी म्हणालो, ‘सकाळी घरी काम असतं.’ लगेच मान्य. काम आहे म्हटल्यावर कुणी पुढे विचारत नाही. ‘मला त्या वेळी गॅलरीत उभं राहायचंय’ असं म्हणालो असतो तर आज एचआरमध्ये बसलो असतो.

आणि ती यादी आम्ही दोघांनी मिळून अर्धी फाडली. त्या यादीतल्या पडद्याच्या रॉडची एक बाजू अजून लावलेली नाही.

नाव_सुचत_नाही

म्हणजे खोटं बोलूनच मिळवावं लागलं. मी घड्याळ बघते तसंच.

कुठे_उतरणार

आणि बोगदा.

गिरणगावकर

लोखंड्यांनी रविवार मागताना कामगारांना विश्रांती हवी असं सरळ लिहून मागितलं होतं. ‘घरी काम आहे’ म्हणून नाही. तुम्हीही एकदा सरळ लिहून द्या की, बघू काय होतं.

फडकेरोडवाला

साहेब, त्यांच्या मागे साडेपाच हजार सह्या होत्या. माझ्या मागे मालवणी_मसालो आहे.

मालवणी_मसालो

सही करतंय. जेवन झाल्यार.

पार्सल_आलंय

गिरणगावकर साहेब, एक विचारायचं होतं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चालत होती आणि सुट्टी नव्हती, तर १८८४ च्या त्या सभेला माणसं आली कधी? आणि सह्या कुठे घेतल्या असतील, खात्यात की चाळीत? आमच्याकडे एका कागदावर वीस पोरांना गोळा करायचं म्हटलं तरी जमत नाही, प्रत्येकजण वेगळ्या हॉटेलसमोर असतो. माहीत असेल तर लिहून ठेवा, रात्री वाचतो.